गाडीचं चेंबर

सोमवार, २ डिसेंबर

ही वही फिजिओथेरपीच्या मॅडमनी आणायला लावली होती. ह्यांचा उजवा हात रोज किती वेळा वर गेला, पाय किती वेळा वाकला, ते लिहायचं. चार पानं लिहिली आणि सोडून दिलं, कारण रोज तोच आकडा. बाकीची पानं कोरी आहेत. आजपासून त्यात मी माझं लिहिणार. ह्यांना चष्म्याशिवाय वाचता येत नाही, आणि चष्मा मी देते तेव्हा मिळतो.

आज ठरवलं, गाडी चालू करायची. ह्यांना लकव्याचा झटका आला त्याला सव्वा वर्ष झालं. तेव्हापासून आमचा दहाचाकी ट्रक घरामागं उभा आहे. चाकांत गवत वाढलंय, केबिनमध्ये मांजर व्यायली. मी दिवसभर कारखान्यात शाळेच्या शर्टांच्या कॉलरी शिवते आणि घरी येऊन त्या उभ्या लोखंडाकडं बघते. वळसंगचा बसू गाडी चालवायला तयार आहे. ह्यांच्याच हाताखाली शिकलेला, सव्वीस वर्षांचा, दारू पीत नाही.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. म्हणाले, "मी उठतो की महिन्या-दोन महिन्यात."

मी म्हटलं, "उठा की. तवर बसू चालवंल."

काही बोलले नाहीत. म्हणजे कबूल आहे.

शुक्रवार, ६ डिसेंबर

राजशेखर मिस्त्री येऊन गाडी बघून गेले. ह्यांचे वीस वर्षांचे दोस्त. अक्कलकोट रोडला गॅरेज आहे. आल्या आल्या गोणपाट टाकून गाडीखाली शिरले. मीही वाकून बघत होते.

इंजिनच्या पोटाला तेल साठवायची पत्र्याची परात असते, तिला ही माणसं चेंबर म्हणतात. मिस्त्रींनी त्याला नुसता स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो आरपार गेला. काळं तेल त्यांच्या कोपरापर्यंत उतरलं.

"वैनी, पापड झालाय की ह्याचा," ते खालूनच म्हणाले. "पाणी कुटनं येतंय हितं?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

माहीत आहे. मोरीचं पाणी. मोरीचं तोंड मागच्या बाजूला काढा असं मीच गवंड्याला सांगितलं होतं. हे तेव्हा नको म्हणत होते.

"वेल्डिंग मारून भागंल का?" मी विचारलं.

"गंजक्या पत्र्याला डाग धरत न्हाय. हितं धरला की शेजारी फुटतंय. बदलायलाच पायजे."

हे खुर्चीत उन्हाला बसले होते. म्हणाले, "राजा, घाई न्हाय."

मी म्हटलं, "घाई हाय."

मिस्त्रींनी एकदा ह्यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि हात पुसत उठले.

मंगळवार, १७ डिसेंबर

अकरा दिवस झाले. मिस्त्रींना चार वेळा फोन केला. एकदा चेंबर मिळत नाही म्हणाले, एकदा मिळालं पण मापाचं नाही, एकदा फोनच उचलला नाही. आपला माणूस म्हणून गप्प बसावं तर असं.

आज ह्यांना म्हटलं, "तुमचा दोस्त आहे, तुम्ही जरा कडक बोला." म्हणाले, "बोलतो." मी चहा ठेवायला आत गेले. चहा घेऊन आले तर फोनवर अगदी हळू बोलत होते. मला बघून फोन ठेवला. दोस्ताला रागवताना बायकोनं ऐकू नये, असं वाटलं असेल. ह्यांचा स्वभावच तसा. मला तसं जमत नाही.

रविवार, २२ डिसेंबर

आज मीच गेले. जुनं चेंबर कसं दिसतं ते फोनवर फोटो काढून नेलं आणि भंगार बाजारात सकाळपासून सात दुकानं फिरले. पाच जणांनी आधी विचारलं, मालक कुठं आहेत. सहाव्यानं नुसती मान हलवली. सातव्या दुकानातल्या चाचांनी फोटो बघितला, गाडीचं मॉडेल विचारलं, आणि ढिगाच्या मागून एक चेंबर ओढून आणलं. आतनं हात फिरवून दाखवला. "देखो बहन, जंग का नाम नही. ठोकके देखो." मी ठोकून बघितलं. आवाज भरीव आला.

पोत्यात गुंडाळून घरी यायला कुंभारीच्या बसमध्ये चढले. कंडक्टर म्हणाला, सामानाचं तिकीट लागेल. म्हटलं, द्या. मांडीवर घेऊन बसले, साडीला काळे डाग पडले. शेजारची म्हातारी पोतं चाचपून म्हणाली, "काय गं हाय ह्यात? लई जड दिसतंय."

"गाडीचं पोट हाय, आजी."

म्हातारी हसली, तिच्यामागची बाई हसली, आणि मलाही हसू आलं. सव्वा वर्षात मी बसमध्ये हसले नव्हते.

घरी आल्यावर ते ह्यांच्यासमोर ठेवलं. मला वाटलं, शाबासकी देतील. त्यांनी डाव्या हातानं कडेवरून बोट फिरवलं, एक एक भोक मोजल्यासारखं. म्हणाले, "बरोबर हाय." आणि तोंड फिरवून झोपले. दमतात हल्ली लवकर.

गुरुवार, २६ डिसेंबर

चेंबर बसलं!

वस्तूच दारात आल्यावर मिस्त्रींना काही सबब राहिली नाही. दोन दिवस लागले. जुनं खाली काढलं तेव्हा त्याचे तीन तुकडे झाले. मिस्त्रींनी इंजिनची बैठक तासभर घासली, नवं पॅकिंग लावलं, बोल्ट एकाआड एक करत आवळले. सगळ्यात शेवटी खालचा मोठा नट, ज्यातून तेल सोडतात तो. पान्याला सगळं अंग लावून आवळला. मग तेल ओतलं, कागद खाली अंथरला आणि आम्ही अर्धा तास त्या कागदाकडं बघत बसलो. एक थेंब नाही.

मग नारळ फोडला. किल्ली माझ्या पर्समध्ये होती, ती मी बसूच्या हातात दिली. बसू माझ्या पाया पडला आणि चढला. दोनतीनदा घुर्रघुर्र झालं, काळा धूर निघाला, आणि इंजिन लागलं. घराची कौलं थरथरली. शेजारचे गोळा झाले.

मी ह्यांच्याकडं बघितलं तर डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इतक्या दिवसांनी आपल्या गाडीचा आवाज ऐकला, येणारच. मिस्त्री त्यांच्याजवळ उकिडवे बसले होते. ऑइलचा काटा हलत नाही असं बसू म्हणाला. मिस्त्री म्हणाले, फेरी मारून आलास की बघू.

शुक्रवार, २७ डिसेंबर

उद्या पहाटे बसू निघणार. कांदा भरून गाडी काल रात्रीच मागं लावलीय, हैदराबादला जायचीय.

कारखान्यातून घरी आले तर ह्यांच्या सदऱ्याची पाठ मातीनं माखलेली. "काय झालं?" म्हटलं तर म्हणाले, मोरीत घसरलो. नखांत काळं. डाव्या हाताचं कातडं सोललेलं. माझा जीव खालीवर झाला आणि त्याचाच राग आला. काठी तिथंच भिंतीला होती. "एवढं सांगून काठी धरत नाही, उद्या कमरेचं हाड मोडलं तर उचलायचं कुणी?" खूप बोलले. खोबरेल तेलानं हात चोळून धुतला, आंघोळ घातली. एका शब्दानं उलटून बोलले नाहीत. लहान मुलासारखे बसून राहिले.

नंतर वाईट वाटलं. त्यांच्या आवडीचं हुलग्याचं माडगं केलं. खाल्लं नाही.

शनिवार, २८ डिसेंबर

नऊ वाजता फोन आला. बसूचा नंबर, बोलणारा दुसराच. नळदुर्गच्या अलीकडं गाडी बंद पडलीय, ड्रायव्हर भाजलाय.

खालचा मोठा नट सैल होता. तेल वाटभर गळत गेलं. काटा आधीच मेलेला, बसूला कळलं नाही. इंजिन ठोके द्यायला लागलं तशी त्यानं गाडी कडेला घेतली. ती तिथंच जाम झाली. बसू खाली शिरला, नटाला हात लावला आणि नट हातातच आला. उरलेलं उकळतं तेल त्याच्या उजव्या हातावर आणि मानेवर.

मी आधी दवाखान्यात गेले. बसूनं डोळे उघडून विचारलं, "अक्का, कांदा कुणी उतरवला का?"

तिथून थेट गॅरेजला. चार गाड्या लागल्या होत्या, दहापंधरा माणसं. मी कुणाकडं बघितलं नाही. "वीस वर्षांची दोस्ती आणि एक नट आवळता आला नाही तुम्हाला? आजारी माणसाची गाडी म्हणून असं केलंत? त्या पोराचा हात गेला तर काय देणार?" आणखी बरंच. लिहवत नाही.

मिस्त्रींनी हात पुसले. "नट कुटं हाय?"

दवाखान्यात बसूच्या कपड्यांबरोबर मिळालेला तो नट मी त्यांच्या पायांवर फेकला. त्यांनी उचलला, उजेडात धरला, फिरवून बघितला. बराच वेळ. मग विचारलं, "अमृत काय म्हणतोय?"

"ते काय म्हणणार? देवमाणूस ते. तुम्हाला एक बोल लावू दिला नाही त्यांनी मला."

मिस्त्री खाली बघून म्हणाले, "बरं. चूक माझीच हाय, वैनी."

चोर पकडल्यासारखं वाटलं मला.

रविवार, ५ जानेवारी

ट्रकमालकांची बैठक झाली. गुरुबसप्पा अण्णा मधे बसले होते, सगळ्यांत वयानं मोठे. मी सगळं सांगितलं. अण्णांनी मिस्त्रींना विचारलं, तुमचं काय म्हणणं? ते म्हणाले, "न्हाय काय." ठरलं ते असं, की इंजिन ते स्वतःच्या हातानं उघडून दुरुस्त करून देतील, आणि तोवर आपल्यातल्या कुणी त्यांच्याकडं गाडी न्यायची नाही. त्यांच्या गॅरेजला दुसरं गिऱ्हाईक कुठलं!

ह्यांना रिक्षातून नेलं होतं. पूर्ण वेळ मान खाली. गुरुबसप्पा अण्णांनी दोनदा विचारलं, "अमृत, तू बोल की." ह्यांनी मान हलवली, नाही म्हणून. उठताना मिस्त्रींनीच त्यांना काखेत हात घालून रिक्षात बसवलं. ज्यानं गाडीची वाट लावली त्याच्याबद्दल ह्यांच्या तोंडी एक वाईट शब्द नाही. एवढं मन मला द्यायला पाहिजे होतं देवानं.

गुरुवार, ९ जानेवारी

वळसंगला बसूच्या घरी गेले. त्याची आई केराबाई दारात तूर निवडत होती. मला वाटलं, शिव्या देईल. तिनं पाट दिला, ताक दिलं. "ऊटा माड्री," म्हणाली, जेवूनच जायचं. दोघी कन्नडात-मराठीत बोललो. तिला एकच माहीत होतं, की मी दवाखान्यात आधी आले.

बसूचा हात बांधलेला. बोटं मिटत नाहीत. डॉक्टर म्हणाले आणखी एक ऑपरेशन, मग बघू. मान बरी होईल. "अक्का, स्टेअरिंग तर धरता येईल की," तो म्हणाला, आणि डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं वाकवून दाखवायला लागला. केराबाईनं तूर निवडताना मान वर केली नाही.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. बोटांचंही. "त्या राजशेखरला फासावर द्यायला पाहिजे," म्हटलं.

हे म्हणाले, "त्याला नको."

"मग कुणाला?"

ह्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं. तेव्हा माझ्या मनात काहीतरी आलं. ते काय होतं ते मी आज लिहिणार नाही.

रविवार, १२ जानेवारी

तीन दिवस हे जेवले नाहीत. आज सकाळी ताट समोर ठेवलं आणि तिथंच बसले. म्हटलं, "आता बोला."

"नट म्या सैल केला."

ह्यांचं तोंड अजून थोडं वाकडं आहे, शब्द पसरट येतात. तरी चुकून ऐकलं असं म्हणायची सोय नव्हती. शुक्रवारी मी कारखान्यात असताना. पाठीवर सरपटत गाडीखाली गेले. डाव्या हातानं पाना लावला. तीन वेळा सटकला. एक तास लागला.

"मला वाटलं, ठिपक ठिपक गळंल. सकाळी निघताना जमिनीवर तेल दिसंल. गाडी परत हुभी ऱ्हाईल. एवढंच. बसूला काय होईल असं मनात बी न्हवतं, वैजू."

सकाळी अंधार होता. जमीन मोरीच्या पाण्यानं आधीच काळी होती. कुणाला दिसणार?

मी विचारलं, का?

"किल्ली तू बसूला दिलीस. मी बाजूला बसलो हुतो, हात पुढं केला हुता. माझ्या हातात दिली असतीस तर मीच दिली असती त्याला."

मला तो हात आठवत नाही. किती आठवते, पण आठवतच नाही. गाडी मी चालू करत होते, चेंबर मी आणलं होतं, लोक माझ्याकडं बघत होते.

मी त्यांना मारलं नाही. ताट उचललं आणि मांजरांना घातलं.

सोमवार, १३ जानेवारी

गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीनं बस वळवली होती, गॅरेजपर्यंत चालत गेले. गॅरेज उघडं होतं आणि आत एकही गाडी नव्हती. मिस्त्री स्टुलावर बसून पाने पुसत होते. मी पाया पडायला वाकले, तर ते उठून मागं सरले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"नटाच्या कडंला पाना सटकल्याचे वरखडे. माझा पाना सटकत न्हाय. आन् चेंबर आणू नकोस म्हणून अमृतचा फोन यायचाच की. रडायचा फोनवर."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुमीच लई बोलत हुता, वैनी. मधी शब्द घालाय जागा न्हवती."

मी तिथंच जमिनीवर बसले. म्हटलं, आज गुरुबसप्पा अण्णांकडं जाते, सगळ्यांसमोर खरं सांगते. त्यांनी पाना खाली ठेवला.

"नको. माझं काम आज बंद हाय, चार महिन्यांनी गाड्या येतील. मानसं इसरत्यात. अमृतकडं आता नावच तेवढं उरलंय. ते घेऊन काय करणार तुमी?"

"आणि बसू?"

"बसूला म्या सांगितलंय. तो म्हणाला, अमृतअण्णांना सांगू नका मला कळलंय म्हणून."

मी हो म्हटलं. लगेच हो म्हटलं. येताना बसमध्ये कळलं, की मला हायसं वाटत होतं. त्यांच्या नावासाठी नव्हे. पंधरा माणसांसमोर जे बोलले ते मला तिथंच उभं राहून परत घ्यावं लागणार नव्हतं. हे लिहायला लाज वाटते, पण ही वही माझी आहे.

निघताना विचारलं होतं, इंजिन उघडायला कधी येता? ते म्हणाले, "दुसरा मिस्त्री बघा. राग न्हाय. पण त्या गाडीखाली मला आता शिरवत न्हाय."

मंगळवार, ४ फेब्रुवारी

दुसरा मिस्त्री बघितला नाही. गाडी विकली. जाम इंजिनासकट घेणारा उमरग्याचा माणूस मिळाला. आलेले पैसे बसूच्या ऑपरेशनला दिले. केराबाईनं मोजले नाहीत, मला बसायलाही सांगितलं नाही. म्हणजे तिला कळलंय.

आज सकाळी गाडी न्यायला क्रेन आली. हे खुर्चीत होते. मी चुलीपुढं होते, दारातून दिसत होतं. साखळी लावली, पुढची चाकं उचलली, गाडी हलली. मागं जिथं उभी होती तिथं एक लांबलचक काळा चौकोन राहिला.

हे उठले. काठी न घेता. कुठं जाताय, म्हणून विचारलं नाही. भिंतीला धरून कोपऱ्यापर्यंत गेले, मग भिंत संपली आणि तरी चालत राहिले. उजवा पाय ओढत, एक हात हवेत. सव्वा वर्षात फिजिओथेरपीच्या मॅडमना जमलं नाही ते. हायवेच्या फाट्यापर्यंत गेले असतील. गाडी हायवेला लागून दिसेनाशी झाली, तरी तिथंच उभे.

मग हाक आली. "वैजू." परत यायचं बळ नव्हतं, ते मला इथूनही कळत होतं. "वैजू, ये की गं."

तव्यावर भाकरी होती. ती उलटली. फुगेपर्यंत थांबले. दुसरी थापली, तीही भाजली. पुन्हा हाक आली, बारीक. शेजारची डोकावून म्हणाली, "अगं, मालक बोलवायलेत."

"ऐकू येतंय," मी म्हटलं.

परातीतलं पीठ संपवलं, हात धुतले, चुलीतली लाकडं पुढं ओढून विझवली. मग गेले त्यांना आणायला.